साडेसहाचं खोकणारं मंडळ

आमच्या घरात शेंगदाण्याचा कूट कधी संपायचा नाही. खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, वांग्यात कूट, आणि तरी फ्रिजवर दोन डबे भरलेले. कारण एकच. रोज सकाळी साडेसहाला मी खोकायला बसायचे आणि त्याच वेळी आई मिक्सर लावायची.

मी खोकते म्हणजे सर्दीबिर्दीचं नाही. पाच वर्षांची असताना मला जबरदस्त न्यूमोनिया झाला होता. तो गेला, पण जाताना उजव्या फुफ्फुसातल्या खालच्या नळ्या सैल करून गेला. मोज्याचं इलॅस्टिक गेलं की मोजा कसा ओघळतो, तशा. त्या नळ्यांत कफ साचतो आणि त्या कफात एक जिवाणू राहतो. त्याचं नाव स्यूडोमोनास. औषध घेतलं की तो दबतो, थोडे दिवस गप्प बसतो, पण घर काही सोडत नाही. डॉक्टरांनी पप्पांना सरळ सांगितलं होतं की हे कायमचं जाईल असं धरून चालू नका, ताब्यात ठेवायचं बघा. ताब्यात ठेवायचं म्हणजे सकाळ-संध्याकाळ मशीननं मिठाच्या पाण्याची वाफ घ्यायची आणि मग सुटलेला कफ खोकून बाहेर काढायचा. रोज म्हणजे रोज. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीच्या दिवशीसुद्धा.

आमच्या बिल्डिंगमध्ये हे कुणालाच माहीत नाही, असं आईचं म्हणणं होतं. आम्ही बजाजनगरला राहतो, पप्पा वाळूजच्या एका कंपनीत शिफ्टला जातात, आणि आमच्या जिन्यात कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही सगळ्यांना कळतं. म्हणून मिक्सर. कुणी विचारलंच तर धुळीची अ‍ॅलर्जी. आईला एकच भीती होती. लोक टीबी म्हणतील, आणि एकदा म्हणाले की माझ्या लग्नापर्यंत म्हणत राहतील. माझं लग्न! मी तेव्हा आठवीत होते आणि माझ्या वहीवर अजून कार्टूनचं स्टिकर होतं.

मग पैठणला मामेबहिणीचं लग्न निघालं. जाताना आईनं मशीन घरीच ठेवलं. एवढ्या पाहुण्यांत ते घुर्रघुर्र कशाला, दोनच दिवस तर जायचंय, असं तिचं म्हणणं. खोकला येऊ नये म्हणून तिनं मेडिकलमधून खोकला दाबायचं सिरप आणलं. ते घेतलं की खरंच खोकला येईना. मी जांभळा घागरा घालून इतकी मिरवले की एका बाईनं आईला विचारलंसुद्धा, पोरगी कितवीला आहे म्हणून. आईचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. पण खोकला आला नाही म्हणजे कफ गेला असं थोडंच असतं? तो आतच बसून राहिला, आणि आमचे स्यूडोमोनास महाशय त्याच्यात वऱ्हाडासारखे जेवले. घरी परत आलो तर अंगात सणसणून ताप आणि थुंकीत रक्त. मला अ‍ॅडमिट केलं, हाताला सुई लावली आणि सलाईनमधून औषध सुरू झालं. आई स्टुलावर बसून माझ्या पायावर हात फिरवत राहिली.  घरी गेल्यावर पहिल्यांदा तिनं ते उरलेलं सिरप बेसिनमध्ये ओतलं, हे मला पप्पांनी सांगितलं.

त्या दवाखान्यात मला अमृता मॅडम भेटल्या. त्या फिजिओथेरपिस्ट. तोवर मी खोकायचे म्हणजे नुसती जीव खाऊन खोकायचे. घसा सोलवटून निघायचा आणि कफ जागचा हलायचा नाही. मॅडमनी सांगितलं की आधी शांत श्वास, मग खोल श्वास, थोडा धरायचा, आणि मग आरशावर वाफ धरायची असली की आपण जसं करतो तसं तोंड उघडून हाऽऽ. त्याला हफ म्हणतात. चार हफ नीट झाले की कफ आपोआप वर येतो आणि एका खोकल्यात बाहेर. मला ते जमलं तेव्हा मी इतकी खूश झाले की डबीतला कफ मॅडमना दाखवायला लागले. मॅडम म्हणाल्या, अगदी झकास, आणि असं झकास म्हणणारे आणखी लोक तुला पाहिजेत का?

मला तोवर वाटत होतं की हा आजार अख्ख्या संभाजीनगरात मला एकटीलाच आहे. खरंच वाटत होतं. मॅडमनी सांगितलं की जिल्ह्यातले काही जण रोज सकाळी साडेसहाला फोनवर व्हिडिओ कॉल लावून एकत्र वाफ घेतात आणि एकत्र खोकतात. फोनवरच का, तर आपल्यासारख्या ढिल्या नळ्यांच्या माणसांनी बंद खोलीत जवळजवळ बसायचं नाही. एकाचा जिवाणू दुसऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणजे बघा, ज्यांना माझं सगळ्यात जास्त कळतं, त्यांच्याशेजारी मला बसता येत नाही. पण फोनवर जिवाणू जात नाही.

पहिल्या दिवशी मी कॅमेरा बंद ठेवून बसले होते. समोर दोन मोठे चौकोन. एका चौकोनात समर्थनगरच्या सरोजिनीकाकू, बँकेतून रिटायर झालेल्या, सकाळी साडेसहालासुद्धा केस विंचरून, कुंकू लावून, इस्त्रीचा गाऊन घालून. दुसऱ्यात वैजापूरच्या कडूमावशी. त्या मार्केट यार्डात कांदा निवडायच्या. तरुणपणी त्यांना दोनदा टीबी झाला होता. तो बरा झाला, कधीच बरा झाला, पण छाती खिळखिळी करून गेला. त्या आपल्या अंगणात लिंबाखाली बाजेवर बसायच्या, मागं शेळी, आणि त्यांचा खोकला म्हणजे ट्रॅक्टर सुरू होताना होतो तसा. आणखी एक-दोघं येऊन-जाऊन असायचे, पण ह्या दोघी आमच्या ह्या मंडळाचा एक दिवस चुकवायच्या नाहीत.

रोज सुरुवातीला प्रत्येकीनं आपल्या कफाचं सांगायचं, बातम्यांत हवामान सांगतात तसं. सरोजिनीकाकू म्हणायच्या की समर्थनगरात आज अंशतः ढगाळ, पांढरट. कडूमावशी म्हणायच्या की हिकडं हिरवंगार, पीक जोरात हाय. मला इतकं हसू आलं की हसता हसता खोकला सुटला आणि हात लागून माझा कॅमेरा चालू झाला.

मला पाहिल्यावर दोघी थबकल्या. त्यांना वाटलं नव्हतं की एवढी लहान कुणी असेल. पण कडूमावशींनी कीव वगैरे केली नाही. त्यांनी कान फोनला लावला आणि विचारलं, “आगं पोरी, ते घरघर काय वाजायलंय? गिरणीत बसलीस का काय?”

मी सांगितलं, मिक्सर आहे. रोज असतो. का असतो तेही सांगितलं.

कडूमावशी म्हणाल्या की त्यांच्या गल्लीत त्यांच्या खोकल्यावर लोक चहा ठेवतात. एक दिवस त्या लेकीकडं गेल्या होत्या तर शेजारच्या पोराची शाळा बुडाली. मला ते खोटं वाटलं, पण त्या सांगत होत्या तेव्हा मागून एक माणूस घागर घेऊन गेला आणि त्यानं खोकणाऱ्या मावशींकडं वळूनही पाहिलं नाही. ते मला फार आवडलं. वळून न पाहणं.

तर अशी मी नववीत आले. वजन वाढलं, रात्रीची झोप लागायला लागली, आणि वर्गात खोकला आला की खिडकीबाहेर बघत तो गिळायची सवय तेवढी राहिली. आणि मग जानेवारीत शाळेनं सहल काढली. पहिल्या दिवशी दुपारी निघायचं, फर्दापूरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी अजिंठा. मी आजपर्यंत एकाही मुक्कामाच्या सहलीला गेलेले नव्हते. एकाही. मला जायचंच होतं, आणि नुसतं जायचं नव्हतं. त्या लेण्यांच्या पायऱ्या मला माझ्या पायांनी, माझ्या दमानं चढायच्या होत्या.

आई नाही म्हणाली. ओरडून नाही, अगदी हिशेब मांडून. पैठणचं झाल्यापासून तिला पक्कं कळलं होतं की खोकला दाबायचा नाही. ती म्हणाली, “दोन दिवस दाबता येत नाही. आणि चाळीस पोरींच्या देखत खोकता येत नाही. मग जायचं कसं, तूच सांग.”

 दुसऱ्या दिवशी मंडळात मी हे जसंच्या तसं सांगितलं. सरोजिनीकाकूंनी वाफेचा मास्क तोंडावरून बाजूला केला. वाफ चालू असताना मास्क काढायचा नाही असा त्यांचाच नियम होता. त्या म्हणाल्या, “दाबता येत नाही हे डॉक्टरांनी सांगितलं. देखत खोकता येत नाही हे कुणी सांगितलं?”

कुणी सांगितलं? मी बराच वेळ आठवून पाहिलं. कुणीच सांगितलं नव्हतं. मिक्सर लावलेला असायचा, एवढंच.

त्याच्या पुढच्या सकाळी मी सव्वासहालाच स्वयंपाकघरात गेले, मिक्सरचं भांडं उचललं आणि ओट्याखाली ठेवून दिलं. आईला म्हटलं, आज नको. ती म्हणाली, निदान खिडकी तरी लाव. मी म्हटलं, वाफेनं कोंडतं. ती हातात शेंगदाण्यांची वाटी घेऊन उभीच राहिली. मी बसले, वाफ घेतली, हफ केले आणि खोकले. आमच्या घरात माझा खोकला इतका मोठा आहे हे मलासुद्धा माहीत नव्हतं. पार जिन्यातून घुमून परत आला. फोनमधून कडूमावशी म्हणाल्या, “हां, आत्ता आला पोरीचा खरा आवाज.”

सात वाजता बेल वाजली. आईनं माझ्याकडं असं पाहिलं की झालं, आले लोक. दारात समोरच्या गवळीकाकू.

“सुरेखाताई, मिक्सर बिघडला का हो तुमचा?”

आई म्हणाली, नाही, का?

“नाही, म्हटलं आज शांत आहे. आमचे हे नाईट करून साडेसहालाच टेकतात ना, त्यांना त्या आवाजानं झोपच लागायची नाही. तुम्हाला सांगू सांगू म्हणत राहिलं. पोरीच्या खोकल्याचं काही नाही हो, तो तर आम्ही पहिल्यापासून ऐकतोय. बरी आहे ना आता ती?”

आईनं दार लावलं आणि दारालाच टेकून उभी राहिली. मला वाटलं रडतेय. हसत होती. हसता हसता तिनं वाटीतले शेंगदाणे मला तसेच खायला दिले, अख्खे. मग म्हणाली की सहलीच्या फॉर्मवर मी सही करते, पण शाळेत तूच सांगायचं, मी मध्ये बोलणार नाही.

मी शेळके मॅडमना त्यांच्या इतिहासाच्या तासाआधी पाच मिनिटं मागितली. शेळके मॅडम आमच्या क्लासटीचर. त्यांना वाटलं मी सहलीचं काहीतरी विचारणार. मी फळ्यासमोर उभी राहिले आणि सुरुवात मोज्यापासून केली, इलॅस्टिक गेलेल्या. हात मागं बांधून ठेवले. मग नळ्या, मग स्यूडोमोनास, मग वाफेचं मशीन, मग कफाची डबी. डबीला मुलींच्या रांगेतून ईऽऽ असा आवाज आला. सत्यम म्हणून एक मुलगा आहे आमच्याकडं, बोलल्याशिवाय त्याला जेवण पचत नाही. त्यानं विचारलं, म्हणजे तू रोज थुंकतेस?

“रोज,” मी म्हटलं. “तू रोज दात घासतोस ना? घासतोस ना, नक्की?”

वर्ग हसला आणि मी मागं बांधलेले हात सोडले. मग यायचा तो प्रश्न आला, हे दुसऱ्याला लागतं का. मी सांगितलं की तुमच्या नळ्या धड आहेत, तिथं त्या जिवाणूला राहायला जागाच मिळत नाही. टीबी आहे का, असंही कुणीतरी हळूच विचारलं. मी सांगितलं, नाही, आणि असता तरी औषधानं बरा झाला असता. हे वाक्य कडूमावशींचं. मी फक्त ते शहरी भाषेत म्हटलं.

शेळके मॅडमनी अमृता मॅडमना फोन करून सगळं विचारून घेतलं आणि माझं नाव सहलीत घेतलं. फक्त एक गोंधळ झाला. त्यांनी वर्गाला सांगितलं की तनुजाची सगळ्यांनी काळजी घ्यायची. झालं. त्या दिवसापासून मला कुणी दप्तर उचलू देईना, फळा पुसू देईना. बसमध्ये चढताना दोघींनी मला दोन्ही दंडांना धरलं, मी काचेची बरणी असल्यासारखं. आधी लपवायचे तेव्हा एकटी होते, आता सांगितलं तर पेशंट झाले. बसमध्ये माझ्याशेजारी स्वराली बसली. ती तबला शिकते आणि तिची बोटं कधी गप्प नसतात. सिल्लोड येईपर्यंत तिनं समोरच्या सीटवर तीनताल वाजवला. पुढं शेळके मॅडम बसल्या होत्या. बस थांबली की उतरताना त्या दोन्ही हातांनी दांडी धरायच्या, आधी डावा पाय खाली टाकायच्या, मग उजवा, आणि ह्या सगळ्यात चेहरा हसरा ठेवायच्या. मी इतकी वर्षं लपवलंय की दुसरं कुणी लपवत असलं की मला लगेच वास येतो. पण मी कुणाला बोलले नाही.

फर्दापूरला मुलींची राहायची सोय एका लांबलचक खोलीत होती. सकाळी सगळ्या झोपलेल्या असताना मी मशीन घेऊन व्हरांड्यात आले. तिथं एक प्लग होता. हवेत कडक थंडी, समोर डोंगर नुसते काळे. साडेसहाला मी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मोबाईलला रेंजच नाही. व्हरांड्याच्या ह्या टोकाला जाऊन पाहिलं, त्या टोकाला जाऊन पाहिलं. काही नाही.

खरं सांगते, वाफ मी घेतली, पण मग नुसतीच बसून राहिले. हवामान कुणाला सांगणार? मावशींचा ट्रॅक्टर नाही, काकूंचे नियम नाहीत, आणि मागं चाळीस पोरी झोपलेल्या. मशीन पिशवीत घालावं आणि आत जावं असं वाटलं. एक दिवस. एकाच दिवसानं काय होतं? आणि हे मनात आल्याबरोबर मला पैठणचा जांभळा घागरा आठवला. मग मी तोंड उघडलं आणि हफ केला. पहिलाच इतका घाबरट झाला की आरशावरची माशीसुद्धा उडाली नसती. दुसरा बरा. तिसऱ्याला छातीत घरघर सुरू झाली. खोकले, पण कफ अर्ध्यावर येऊन अडकला. थंडीनं तो घट्ट झाला होता. घरी असं झालं की आई ओंजळीसारखा हात करून पाठीवर थापा मारते.

“आम्ही काय करायचं?” मागून आवाज आला. स्वराली, अंगाभोवती ब्लँकेट. तिच्या मागं आणखी दोघी-तिघी, डोळे चोळत.

मला वाटलं होतं की असं झालं तर मी मरेन. पण मला सारखा तो कफच दिसत होता, अडकलेला. मी म्हटलं, “पाठीवर थाप मारायची. हात पसरट नाही, असा खोलगट. मणक्यावर नाही, कमरेवर नाही, इथं, उजवीकडं बरगड्यांवर.” आणि मी पुढं वाकले.

स्वरालीनं एकदा मारून पाहिलं. मग तिनं हात झटकले आणि जे सुरू केलं ते काही अमृता मॅडमच्या पुस्तकात नसणार. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, पाठीवर, एका लयीत, जोर न वाढवता, न चुकता. आईच्या थापा प्रेमळ असतात पण लय जाते. इथं लय कुठं जातेय? बाकीच्या पोरी टाळी-खाली मोजायला लागल्या. दुसऱ्या आवर्तनात माझी छाती आतून हलली, तिसऱ्यात कफ सुटला, मी हफ केला आणि एका खोकल्यात सगळा डबीत. मी झाकण लावलं आणि सवयीनं म्हणाले, “फर्दापूर, पिवळसर, दुपारनंतर स्वच्छ.”

त्यांना काही कळलं नाही, मग सगळं मंडळ समजावून सांगावं लागलं. त्यातली एक म्हणाली की तिच्या आत्याला दमा आहे आणि ती कुणाला सांगत नाही. ती पोरगी मला वाफेचं मशीन कुठं मिळतं ते विचारत होती. मी तिला म्हटलं, मशीन डॉक्टरांना विचारून घ्यायचं, पण खोकायला माझ्याकडं पाठव.

तर अशी छाती मोकळी करून मी बसमध्ये बसले. फर्दापूरच्या फाट्यावर आमची बस उभी केली, तिथून सरकारी बसनं लेण्यांच्या पायथ्याशी गेलो. आणि पायऱ्यांच्या सुरुवातीला बघते तर चार माणसं एक खुर्ची घेऊन उभी. खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधलेले. डोली. ज्यांना चढवत नाही त्यांना त्यात बसवून वर नेतात. शेळके मॅडम म्हणाल्या, “तनुजा, बस. मी सांगून ठेवलंय त्यांना.”

अख्खा वर्ग बघत होता. सत्यम तर मोबाईल काढून तयार. मॅडमच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल इतकी माया होती की मला नाही म्हणायला फार जड गेलं. पण गेलं तर गेलं.

“मॅडम, मी चढणार आहे.”

“हट्ट करू नको. सकाळी मी खोलीतून सगळं ऐकलंय. केवढा खोकत होतीस.”

“म्हणून तर चढणार आहे,” मी म्हटलं. “सकाळी खोकले नसते तर बसले असते डोलीत. जितकं जास्त खोकते तितकी माझी छाती रिकामी असते. तो खोकला ऐकून कुणी घाबरायचं नसतं मॅडम, तो माझा चांगल्या दिवसाचा आवाज आहे.”

हे मी कुठल्या मंडळात ऐकलेलं नव्हतं. ते माझंच होतं आणि माझ्या तोंडून निघाल्यावर मलाच पटलं.  मॅडम पायऱ्यांकडं बघत होत्या, आणि त्यांचा हात नकळत डाव्या मांडीवर गेला होता. मी त्यांच्या अगदी जवळ गेले आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मॅडम, डोली परत पाठवू नका. तुमचा गुडघा कालपासून दुखतोय.”

त्या एकदम लाल झाल्या. मला वाटलं आता ओरडतात. त्यांनी एकदा डोलीकडं पाहिलं, एकदा वर्गाकडं. मग चष्मा पुसला आणि तासाला आवाज लावतात तसा लावून म्हणाल्या, “मुलांनो, ऐका. माझा डावा गुडघा खराब आहे. मी डोलीतून येतेय. वर पहिल्या लेणीपाशी मी हजेरी घेणार, आणि माझ्या आधी कोण पोचतं ते बघते.”

डोलीवाल्यांतला एक कुरकुरला की पोरगी सांगितली होती, निघाल्या मॅडम. पण त्यांनी खांदा दिला. मॅडम उचलल्या गेल्या तेव्हा त्यांनी पर्स छातीशी धरली, डोळे गच्च मिटले, आणि मग एक डोळा उघडून आमच्याकडं पाहून हसल्या. कालपासूनचं ते हसू वेगळं आणि हे वेगळं.

मी पोचले का आधी? छे. मी सगळ्यात शेवटी पोचले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. माझी पद्धत ठरलेली होती. थोडं चढायचं, ओठ गोल करून फुंकर घालत श्वास सोडायचा, कठड्याला टेकायचं, पुन्हा चढायचं. स्वराली माझ्याबरोबर. तिला मी सांगून ठेवलं होतं की दंड धरायचा नाही, नुसतं बरोबर चालायचं. सत्यम वरून खाली डोकावून ओरडला, “तनुजा, इंजिन गरम झालं का?”

“गरम आहे, पण चालू आहे,” मी वर ओरडले. “तुझ्यासारखं धक्कास्टार्ट नाही.”

ओरडल्यामुळं दम गेला आणि आणखी एकदा थांबावं लागलं. पण ते उत्तर सोडणं शक्य नव्हतं.

वर मॅडम एका कट्ट्यावर राणीसारख्या बसल्या होत्या. त्यांनी माझं नाव शेवटी घेतलं आणि मी हजर म्हटलं. नुसतं हजर. पण ते म्हणताना माझ्या आवाजात श्वास शिल्लक होता. कपाळावर घाम होता, आणि खाली ज्या ठिकाणी डोली उभी होती ती जागा इतकी लहान दिसत होती की मी ती स्वरालीला दोनदा दाखवली.

आम्ही पहिल्या लेणीत शिरलो. आत थंडगार अंधार, चपला बाहेर, सगळे दबक्या आवाजात बोलत. भिंतीवरची चित्रं अंधारातून हळूहळू दिसायला लागली आणि नेमका तेव्हाच मला खोकला आला. पायऱ्यांनी आणखी थोडा कफ हलवला होता. पहिला खोकला त्या दगडी खोलीत असा घुमला की सगळ्या माना वळल्या. राखणदारानं बोट ओठांवर ठेवलं. एका बाईनं पदर नाकाला लावला आणि तिच्या लहान मुलाला मागं ओढलं.

पूर्वीची मी असते तर गिळला असता. तिथंच, त्या सुंदर चित्रांसमोर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत गिळत राहिले असते.

“काकू, लागत नाही हो हे,” मी त्या बाईला म्हटलं. “माझं माझ्यापुरतंच आहे.” राखणदाराला म्हटलं, आलेच मी. आणि बाहेर ओसरीत आले, कठड्यापाशी उभी राहिले. खाली वाघूर नदी, समोर घोड्याच्या नालासारखा वळलेला डोंगर, त्यात ओळीनं लेणी. मी डबी काढली, खोल श्वास घेतला, धरला, हफ केला आणि खोकले. चांगली मोठ्यानं, पोटापासून. समोरच्या डोंगरानं तो खोकला घेतला आणि मला परत दिला. मग स्वराली बाहेर आली आणि विचारलं, ठेका पाहिजे का? मी म्हटलं, नको, हा आपला आपण आला.

मी डबीला झाकण लावलं, हात धुतले, तोंड पुसलं आणि परत आत गेले. ती बाई अजून तिथंच होती. तिनं मला पाहिलं, पदर सोडला आणि मुलाला पुढं करून थोडी सरकली, मला चित्र नीट दिसावं म्हणून.